ई-६९: ‘जगातला शेवटचा रस्ता’ वगैरे काही नाही हो

परवा सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकला. ही बहुतेक पाचवी खेप. ज्यांना अजून आला नसेल (असं कोणी उरलंय का?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉर्वेतला ई-६९ हा जगातला शेवटचा रस्ता आहे, लांबी फक्त १४ किलोमीटर, याच्या पुढे पृथ्वी संपते, नुसता बर्फ आणि समुद्र, इथून सरळ उत्तर ध्रुव, एकट्याने जायला सरकारची बंदी आहे कारण गेलेला माणूस हरवतो, सहा महिने दिवस सहा महिने रात्र, हिवाळ्यात उणे ४३ आणि ऐन उन्हाळ्यातही शून्य, आणि १९३० पर्यंत मासेमारी सोडून तिथे काही नव्हतं, बाहेरचं कोणी फिरकतच नव्हतं. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘निसर्गाची अगाध लीला’.

एरवी मी सोडून देतो. पण या रस्त्यावरून मी स्वतः गाडी चालवलीय, बायको आणि मी दोघंच, जूनच्या शेवटी, अल्टा गावातून भाड्याने घेतलेल्या बारक्या हॅचबॅकमधून, त्यामुळे हात शिवशिवतात. काका, राग मानू नका, एकेक घेऊ.

आधी फोटो. फॉरवर्डसोबत जो फोटो फिरतोय, तो समुद्रावरून वाकडा वर जाणारा पूल, टोकाला हवेत संपल्यासारखा दिसतो तो, तो ई-६९ वर नाहीच. तो स्टोर्सेइसुंडेत पूल, अटलांटिक रोडवरचा, १९८९ साली सुरू झालेला, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर. ई-६९ पासून सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर लांब. म्हणजे काश्मीरबद्दल मजकूर लिहायचा आणि फोटो कोकणातला लावायचा, असला प्रकार. खऱ्या ई-६९ वर असला नाट्यमय पूल नाही. एका बाजूला पोर्सांगर फ्योर्डचं, म्हणजे जमिनीत लांबवर शिरलेल्या खाडीचं, पाणी, दुसऱ्या बाजूला वहीची पानं रचून ठेवल्यासारखे पातळ थरांचे खडक, आणि मधे मधे रस्त्यात उभे राहून आपल्याकडेच बघत बसणारे रेनडिअर. हॉर्न वाजवून उपयोग नसतो. म्हशीला तरी लाज वाटते.

आता लांबी. ई-६९ ओल्डरफ्योर्डला ई-६ हायवेपासून फुटतो आणि नॉर्डकापला, म्हणजे इंग्रजीतल्या नॉर्थ केपला, जाऊन संपतो. एकूण १२९ किलोमीटर. १४ हा आकडा कुठून आला असेल याचा माझा अंदाज आहे, शेवटचा स्कार्सवोग फाट्यापासूनचा तुकडा साधारण १३ किलोमीटरचा आहे आणि हिवाळ्यात त्याला वेगळे नियम असतात, कोणीतरी तेवढाच तुकडा पूर्ण रस्ता समजून बसलं असणार. नियमांकडे येतोच.

‘जगातला शेवटचा’ यातला अर्धवट खरा भाग आधी मान्य करतो. युरोपच्या एकमेकांना जोडलेल्या रस्त्यांच्या जाळ्यात सगळ्यात उत्तरेला पोचणारा रस्ता हाच. एवढं म्हटलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण जगातला? नॉर्वेचाच स्वालबार्ड द्वीपसमूह नकाशात बघा, तिथलं लाँगयिअरब्येन गाव ७८ अंशांच्या पुढे आहे, नॉर्डकाप ७१ वर, आणि त्या गावात आणि आसपास मिळून चाळीसेक किलोमीटर रस्ते आहेत, टॅक्सी आहेत, बस आहे. त्याच्याही वर न्यू-ओलेसुंड म्हणून वस्ती आहे आणि तिथे भारताचं स्वतःचं संशोधन केंद्र आहे, हिमाद्री, २००८ पासून. ते चालवणारी संस्था कुठली, तर आपल्या शेजारच्या गोव्यातली, वास्कोची, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. म्हणजे ज्या ठिकाणी पृथ्वी संपते असं काका सांगतायत, त्याच्या पुढे नऊशेहून जास्त किलोमीटरवर भारताची पाटी लागलेली आहे.

आणि ध्रुव. नॉर्डकापपासून उत्तर ध्रुव सुमारे २,१०० किलोमीटर. किती ते डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असं बघा, कन्याकुमारीपासून सरळ रेषेत आग्रा जेवढं लांब, साधारण तेवढं. कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर उभं राहून ‘हे काय समोर ताजमहाल’ म्हणण्यासारखं झालं. बरं तिथपर्यंत जमीनही नाही की रस्ता पुढे न्यावा, आधी बॅरेंट्स समुद्र आणि मग आर्क्टिक महासागर, खुद्द ध्रुवावर बर्फाच्या तरंगत्या थराखाली चार किलोमीटरहून जास्त खोल पाणी.

सहा महिने रात्र. हे मात्र मुळातून समजून घेऊ कारण हे शाळेतल्या भूगोलातच चुकीचं डोक्यात बसतं. सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र हे फक्त खुद्द ध्रुवावर, तेही ढोबळ मानाने. तिथून जसजसं खाली यावं तसतसे हे दिवस कमी होत जातात आणि आर्क्टिक वृत्तावर येऊन जेमतेम उरतात. नॉर्डकापचं गणित सोपं आहे. अक्षांश ७१.१७, तो नव्वदातून वजा केला की १८.८३. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला त्याहून जास्त सरकला की नॉर्डकापला तो दुपारीसुद्धा क्षितिजावर येत नाही (हवा किरण वाकवते म्हणून थोडा जास्त सरकावा लागतो, ते सोडा). सूर्य जास्तीत जास्त साडेतेवीस अंशांपर्यंतच जातो, म्हणजे हे घडतं साधारण १८-२० नोव्हेंबर ते २३-२४ जानेवारी. दोन महिने आणि वर चार दिवस. उन्हाळ्यात सूर्य न मावळण्याचा काळ मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत, अडीच महिने. उरलेलं वर्ष आपल्यासारखाच उगवतो मावळतो, फक्त दिवस फार लहान किंवा फार मोठे.

आणि त्या दोन महिन्यांतही काळाकुट्ट अंधार चोवीस तास नसतो. २१-२२ डिसेंबरच्या दुपारी बारालाही सूर्य क्षितिजाच्या खाली साडेचार-पावणेपाच अंशांवरच असतो. पुण्यात सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी जसा उजेड असतो ना, दिवेलागणीचा, लाइट लावू की नको असा, तसा उजेड तिथे दुपारी थोडा वेळ असतो.

आपल्याकडे ही सहा महिन्यांची गोष्ट इतकी घट्ट का बसलीय त्याचं कारण मला वाटतं आपल्याच घरात आहे. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, उत्तरायण त्यांचा दिवस आणि दक्षिणायन त्यांची रात्र, हे आजी सांगायची. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली असल्याच उल्लेखांवरून आणि वेदांतल्या लांबलचक उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं. अभ्यासक ते आज मानत नाहीत, तो वेगळा विषय. पण जुन्या ग्रंथांतही ही सहा महिन्यांची गोष्ट मेरूवरची आहे, म्हणजे ध्रुवावरची, नॉर्वेतल्या एखाद्या कड्यावरची नाही. तेवढा काटेकोरपणा जुन्या लोकांकडे होता, तो व्हॉट्सअपवर हरवला.

उणे ४३. हा आकडा वाचून मी खरंच हसलो. नॉर्डकापच्या पायथ्याचं गाव होनिंग्सवोग, तिथली जानेवारीची सरासरी उणे तीन-चार असते, जुलैची दहाच्या आसपास. कारण उत्तर अटलांटिकचा उबदार प्रवाह, गल्फ स्ट्रीमचं शेपूट म्हणा, नॉर्वेच्या किनाऱ्याला चिकटून वर येतो आणि हे बंदर भर हिवाळ्यातही गोठत नाही. आता गंमत बघा, अलास्कातलं उत्कियाग्विक (जुनं नाव बॅरो) जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, ७१.३, तिथे जानेवारीची सरासरी उणे पंचवीसच्या घरात जाते. सूर्य तोच, अक्षांश तोच, फरक समुद्रातल्या पाण्याचा. शाळेत ‘सागरी प्रवाह आणि हवामान’ हा धडा आपण सगळ्यांनी पाठ केलाय आणि त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, पण फॉरवर्डवाल्याला उणे ४३ जास्त भारी वाटलं. आम्ही गेलो तेव्हा सहा-सात डिग्री होती. वाऱ्याने मात्र गाडीचं दार हातातून खेचून घेतलं, एवढं खरं, आणि मी बायकोला ‘जून आहे, स्वेटर बास’ म्हणालो होतो ते मला अजून ऐकवलं जातं.

एकट्याने जायला बंदी. नाही. अजिबात नाही. हिवाळ्यात तो शेवटचा तुकडा स्वतःच्या मनाने चालवू देत नाहीत, फाट्यावर फाटक पडतं आणि ठरलेल्या वेळांना बर्फ ढकलणारी गाडी पुढे आणि तिच्या मागे सगळ्या गाड्या ओळीने, असं सोडतात. हवा फारच बिघडली तर तेही बंद. कारण भुताटकी नाही की होकायंत्र बिघडत नाही, पठारावर झाड म्हणून नाही, वारा सुटला की जमिनीवरचा बर्फ उडून समोरचं काही दिसत नाही आणि रस्त्याची कड कळत नाही. आपल्याकडे दरड पडली की घाटात पोलीस एकेक बाजू सोडतात, तसलीच व्यवस्था. आणि एकटा माणूस अशा ओळीत गाडी लावू शकतो, माणसं मोजत नाहीत, गाड्या मोजतात.

उन्हाळ्यात तर काहीच नाही. उलट एकट्या माणसांची ती पंढरीच आहे. ई-१ नावाची युरोपभर चालत जायची पायवाट आहे, ती नॉर्डकापपासून सुरू होऊन पार इटलीत सिसिलीच्या टोकाला पोचते, लोक महिनोन्महिने ती एकटे चालतात. सायकलवाल्यांचा तर सुकाळ. नॉर्डकाप ज्या बेटावर आहे त्या मागेरोयावर जायला समुद्राखालून बोगदा आहे, जवळपास सात किलोमीटर लांब आणि सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खाली, १९९९ साली सुरू झाला, त्याआधी फेरीबोट होती. त्या बोगद्यात उतार संपून चढ लागला तेव्हा आमची हॅचबॅक दुसऱ्या गिअरवर कण्हत होती आणि कडेने एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, साठी तरी नक्की ओलांडलेली, सामानाच्या चार पिशव्या लटकवलेली सायकल मारत वर चढत होता, एकटा, तोंडातून वाफा निघतायत. मी काच खाली करून अंगठा दाखवला. त्याने मान हलवली फक्त, बोलायला श्वास उरला नसावा. त्याला कोणी अडवलं नव्हतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझा खरा राग इथे आहे. ‘१९३० पर्यंत बाहेरचं कोणी फिरकत नव्हतं.’ अरे देवा.

सन ८९० च्या सुमारास ओत्तार नावाचा उत्तर नॉर्वेचा एक दर्यावर्दी इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या दरबारात सांगत होता की मी घरापासून उत्तरेला गेलो, जमीन पूर्वेला वळली तिथे वळलो, आणि पुढे श्वेत समुद्रापर्यंत (आजच्या रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या) गेलो. म्हणजे हे टोक त्याने वळसा घालून पार केलं होतं. राजाने ते लिहून घेतलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे. ज्ञानेश्वरीच्या चारशे वर्षं आधीची गोष्ट. तिथे राहणाऱ्या सामी लोकांना आणि कोळ्यांना तर हे टोक कायमच माहीत, जुन्या नॉर्वेजियन लोकांत त्याचं नाव होतं क्निस्कानेस.

‘नॉर्थ केप’ हे नाव पडलं १५५३ मध्ये. इंग्रजांना चीनला जायचा उत्तरेकडून रस्ता पाहिजे होता, दक्षिणेचा पोर्तुगीजांच्या ताब्यात. सर ह्यू विलोबी तीन जहाजं घेऊन निघाला, नॉर्वेच्या किनाऱ्याशी वादळात जहाजं फुटली, म्हणजे एकमेकांपासून तुटली. विलोबी दोन जहाजांसह भरकटत रशियाच्या कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागला आणि तिथेच हिवाळ्यात त्याच्यासकट सगळी माणसं मेली, पुढच्या वर्षी मच्छीमारांना जहाजं सापडली. तिसरं जहाज रिचर्ड चान्सलरचं. ते हे टोक ओलांडून पुढे गेलं, टोकाला त्यांनी नॉर्थ केप म्हटलं, आणि चान्सलर श्वेत समुद्रावर उतरून बर्फातून थेट मॉस्कोला, इव्हान द टेरिबलच्या दरबारात. चीन राहिला बाजूला, रशियाशी व्यापार सुरू झाला आणि १५५५ मध्ये मस्कोव्ही कंपनीला सनद मिळाली. ईस्ट इंडिया कंपनी हिच्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आली आणि पुढे आपल्या मानगुटीवर बसली. तेव्हा हे ‘कोणी न फिरकलेलं’ टोक आपल्या इतिहासापासूनही वाटतं तेवढं लांब नाही.

पर्यटक म्हणाल तर पहिला १६६४ मध्ये. फ्रान्चेस्को नेग्री, इटलीतल्या रावेन्नाचा धर्मगुरू, नुसत्या उत्सुकतेपोटी इथवर आला, आणि जगाच्या टोकाला येऊन उभा राहिलो असं त्यानेही लिहून ठेवलं. म्हणजे काकांचं वाक्य साडेतीनशे वर्षं जुनं आहे, पण नेग्रीला माफ आहे, त्याच्याकडे गूगल मॅप नव्हता. १७९५ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीतून पळालेला लुई फिलिप आला, जो पुढे फ्रान्सचा राजा झाला. १८७३ मध्ये स्वीडन-नॉर्वेचा राजा ऑस्कर दुसरा. आणि १८७५ मध्ये थॉमस कुकने चक्क पॅकेज टूर आणली! तेव्हा रस्ता नव्हता, जहाज खालच्या हॉर्नविका नावाच्या खाडीत थांबायचं आणि लांब झग्यातल्या बायका आणि टोपीवाले पुरुष तीनशे मीटरचा उभा कडा चढून वर यायचे. १९०७ मध्ये सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा चुलालाँगकोर्न आला, त्याने खडकावर आपलं नाव कोरलं, आणि तिथे आज एक छोटं थायी दालनही आहे. आशियातला एक राजा एकशेवीस वर्षांपूर्वी तिथे जाऊन आला आणि आपण म्हणतोय कोणी फिरकत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट तर फॉरवर्डमध्ये कधीच नसते. रशियाला रसद नेणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा मार्ग याच टोकाच्या वरून जायचा. २६ डिसेंबर १९४३ ला, त्या न उजाडणाऱ्या दिवसांत, शार्नहोर्स्ट ही जर्मन युद्धनौका इथल्या समुद्रात बुडवली गेली, जवळपास दोन हजारांतले ३६ वाचले. पुढच्या वर्षी माघार घेताना जर्मनांनी हा सगळा फिनमार्क प्रांत जाळत नेला. होनिंग्सवोगमध्ये एकच इमारत शाबूत उरली, १८८५ चं लाकडी पांढरं चर्च. परत आलेली माणसं पहिल्यांदा त्या चर्चमध्येच राहिली. आम्ही आत गेलो होतो. लहान आहे, आपल्याकडच्या मध्यम मंगल कार्यालयाच्या निम्मंही नसेल. बाकी सगळं गाव, रंगीत घरं, धक्का, दुकानं, त्यानंतरचं. गावाबाहेर मासे वाळवायचे लाकडी मांडव दिसतात, आपल्या कोळीवाड्यात बोंबलाच्या वलांडी असतात तसेच, फक्त बोंबलाच्या जागी हाताएवढा कॉड. वासही तोच. वरचा नॉर्डकापपर्यंतचा रस्ता झाला १९५६ मध्ये.

एवढं लिहिल्यावर प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, चुकीचा दावा फक्त काकांचा नाही, टूरवाल्यांच्या पत्रकांतही नॉर्डकाप ‘युरोपचं सर्वात उत्तरेचं टोक’ म्हणून छापतात, आणि तेही खरं नाही. त्याच बेटावर शेजारीच क्निव्हशेलोडन नावाची जमिनीची जीभ आहे, ती नॉर्डकापपेक्षा साधारण दीड किलोमीटर जास्त उत्तरेला जाते. नॉर्डकाप बेटावर आहे म्हणून मुख्य भूमीचं टोक म्हणायचं तर मान जातो पूर्वेकडच्या किन्नारोडनला. आणि सगळी बेटं धरायची तर मग रशियाच्या फ्रान्झ जोसेफ लँडमधलं केप फ्लिगेली, ८१ अंशांच्या पुढे. मग प्रसिद्धी नॉर्डकापला का? उंचीमुळे. ३०७ मीटरचा सपाट डोक्याचा काळा कडा जहाजावरून मैलोन्मैल दिसतो, आणि क्निव्हशेलोडन पाण्यालगत उताणी पडलेली, चान्सलरच्या माणसांच्या नजरेत भरण्यासारखं तिच्यात काहीच नाही. नाव डेकवरून ठेवलं गेलं, मोजपट्टीने नाही.

आम्ही मध्यरात्री वर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की तो प्रसिद्ध लोखंडी पृथ्वीगोल आम्हाला दहा पावलांवर आल्यावर दिसला. मध्यरात्रीचा सूर्य वगैरे सोडाच, समुद्रही दिसला नाही, फक्त खालून आवाज. ढिगाने बस उभ्या होत्या आणि आतल्या कॅफेत वॉफलसाठी रांग होती. पृथ्वी संपते तिथे पार्किंग आहे.

परतताना रस्त्यालगत क्निव्हशेलोडनची पायवाट सुरू होते तिथे गाडी थांबवली. जाऊन येऊन १८ किलोमीटर, खडक आणि चिखल, टोकाला नाव लिहायला वही ठेवलेली असते म्हणे. मी म्हटलं खरं टोक हेच, सूर्य मावळत नाही, रात्रभर चालू. बायकोने बोर्डवरचा आकडा वाचला, माझ्या पायातल्या बुटांकडे बघितलं आणि गाडीत जाऊन हीटर लावून बसली.